मॉस आणि नेचे: ‘एकच आकृती, फक्त नावं बदला’ हे चूक आहे

परीक्षा जवळ आली की एक टिपण फिरू लागतं: ‘मॉस आणि नेचे, दोघांनाही बिया नाहीत, दोघंही बीजाणूंपासून उगवतात. जीवनचक्र एकच. एक आकृती पाठ करा, नावं बदला.’ सांगाडा एकच, हे खरं. एकगुणी (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पिढीनंतर द्विगुणी (दोन संच असलेली), मग पुन्हा एकगुणी. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमायस्टरने १८५१ मध्ये पिढ्यांचं हे आलटूनपालटून येणं दाखवलं. पण टिपणातली पुढची विधानं टिकत नाहीत.

‘हिरवं रोप म्हणजे दोन्हींत तीच पिढी.’ अजिबात नाही. भिंतीवरचं हिरवं मॉस एकगुणी, युग्मकं (नर-मादी लिंगपेशी) बनवणारं. नेच्याची पानं द्विगुणी, बीजाणू बनवणारी.

‘मॉसवरची काडी हा रोपाचाच अवयव.’ ती पुढची, द्विगुणी पिढी आहे. फ्युनारिया हे मॉस भिंगाखाली धरा: काडीचा तळ पानांच्या झुबक्यात रुतलेला दिसतो आणि पाणी तिथूनच मिळतं. कोवळेपणी ती हिरवी असते, थोडं अन्नही बनवते, पण सुटी जगत नाही. काडीच्या टोकाच्या कोवळ्या संपुटावरची (बीजाणूंच्या डबीवरची) पातळ टोपी सुईने उचला. ती मात्र आधीच्या एकगुणी पिढीची. टिपणाने नेमकं हेच गाळलं आहे.

‘नेच्याच्या बीजाणूतून थेट नेचा येतो.’ घरी नेचे वाढवू पाहणारे इथेच फसतात. बीजाणूतून आधी काही मिलिमीटरचा, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा प्रोथॅलस येतो, ही नेच्याची एकगुणी पिढी. तो हिरवा आणि स्वतंत्र असतो. नेचा त्यावर फलनानंतर उगवतो, लवकरच स्वतःची मुळं धरतो आणि प्रोथॅलस सुकतो.

हंसराज या नेच्यावर करून पाहा. पानाच्या दुमडलेल्या कडा तपकिरी झाल्या की पान दोन दिवस कागदात ठेवा. कोकोपीटवर उकळतं पाणी ओता, नाहीतर मॉस आणि शैवालच आधी माजतं. थंड झाल्यावर कागदात पडलेली बीजाणूंची पूड विरळ पेरा. दाट पेरलं तर अनेक जातींत बहुतेक प्रोथॅलस नरच राहतात. पारदर्शक झाकण लावा, ऊन थेट नको.

‘नेच्याला वाहिन्या आहेत, म्हणून फलनाला पाणी लागत नाही.’ वाहिन्या द्विगुणी रोपात असतात; प्रोथॅलसमध्ये नाहीत. शुक्रपेशी दोन्हींत पोहतच जातात, मॉसच्या दोन कशाभिकांनी (शेपटीसारख्या धाग्यांनी), नेच्याच्या अनेक. म्हणून प्रोथॅलस पुरते वाढले की बारीक फवारा मारून त्यांची खालची बाजू ओली ठेवा. कोरडी राहिली तर हिरवे बदाम महिनोन्महिने टिकतात आणि नेचा एकही येत नाही.