शुगर होती म्हणून गेले, मग ते मोजायचेच नाहीत का?

इंदूरच्या आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपमधला तो मेसेज आत्यापर्यंत पोचला आणि तिने शुगरची गोळी बंद केली, म्हणून लिहितोय. मेसेज म्हणतो: कोरोना ही साथच नव्हती, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकानेच लिहिलंय, गेले ते शुगर-बीपीवाले, ते तसेही जाणारच होते, व्हायरस गरीब-श्रीमंत बघत नाही, झोपडपट्टीतले गोळ्या खात नाहीत, त्यांना काही झालं नाही, तुम्हीही गोळ्या सोडा, इम्युनिटी वाढेल.

गोळ्यांचं आधी, कारण यात जीव जाईल. 2021 च्या मेमध्ये आपल्या इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलमध्ये ब्लॅक फंगसचे वॉर्ड भरले होते, विसरलात? कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा जबडा. बहुतेकांना शुगर, तीही हाताबाहेर गेलेली. कोरोनाने शुगर चढते, वरून स्टेरॉईड दिलं की आणखी चढते आणि अशा रक्तात ती बुरशी माजते. शुगर ताब्यात ठेवणं हा यातला मोठा बचाव, आणि हा मेसेज नेमकं तेच सोडायला सांगतोय! गोळी कमी-जास्त करायची तर डॉक्टरला विचारा, ग्रुपला नाही.

लॅन्सेटचं शीर्षक तसं होतं, मान्य. त्याचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी सप्टेंबर 2020 मध्ये 'कोविड-19 ही महासाथ नाही' असंच लिहिलं. पण खाली वाचायचं ना! ते म्हणतात की हा विषाणू आणि शुगर, बीपी, हृदयविकार असे जुने आजार एकमेकांना बळ देतात, विषमता असते तिथे दोन्ही एकत्र साचतात, म्हणून हे नुसत्या साथीपेक्षा मोठं संकट, सिंडेमिक, आणि नुसता विषाणू अडवून भागणार नाही, शुगर-बीपीचेही उपचार करा. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलटं.

'तसेही जाणारच होते' म्हणणाऱ्यांनी ऐकावं, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 च्या अभ्यासात देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातले कितीतरी जण दवा घेत वर्षानुवर्षं जगतायत, घरं चालवतायत.

आणि झोपडपट्टीत काही झालं नाही? जुलै 2020 मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं तेव्हा झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली, बाहेरच्या वस्तीत 16 टक्के. मृत्यूचं प्रमाण तिथे कमी दिसलं हे खरं, पण तिथली वस्ती जास्त तरुण आहे, गोळ्या न खाल्ल्याचा हा चमत्कार नाही. एकाच खोलीत सगळं घर आणि संडास सार्वजनिक, तिथे 'दो गज की दूरी' ठेवायची कुठे?