ग्रुप काढा, शिक्षण झालंच म्हणून समजा

नोकरदार माणसांसाठी अभ्यासक्रम सुरू करताय? मग सर्वांत आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. शिकवायचं काय ते सावकाश ठरवता येईल.

ग्रुपमध्ये घेताना कुणाला विचारत बसू नका. १०२४ जण मावतात ना, मग भरा तेवढे. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. विमा विकणाऱ्यांची आपसूक सोय होते, तीही व्यावसायिक सेवाच की!

'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' अशी एक सेटिंग असते. तिच्याकडे ढुंकूनही पाहू नका.

आता सूचना कशी द्यावी ते नीट समजून घ्या, कारण खरी कला इथे आहे. परवाच एका अभ्यासक्रमात असाइनमेंटची मुदत दोन दिवस अलीकडे आणली गेली. ही बातमी रात्री पावणेबाराला आली, तीही चार मिनिटांच्या व्हॉइस नोटमधून. पहिली तीन मिनिटं 'सर्वांना माझा नमस्कार' आणि मागून पंख्याचा आवाज, तारीख शेवटी. व्हॉइस नोटचा मोठा फायदा असा, की ग्रुपच्या सर्चमध्ये 'मुदत' शोधलं तर ती सापडत नाही. मग लगेच त्यावर 'ओके सर'ची रांग लावू द्या, वर दोन वाढदिवस, एक गुलाब आणि पहाटेचा सुविचार. सकाळी उठून कुणी 'तारीख बदलली का?' असं विचारलं, की ठसक्यात उत्तर द्यायचं: 'ग्रुपवर टाकलं होतं.' अहो, मेसेज पिन करता येतो! मेसेज दाबून धरायचा, 'पिन'वर बोट टेकवायचं, २४ तास, ७ दिवस की ३० दिवस ते निवडायचं, झालं. तेवढंही होत नाही? दिवसभर ड्यूटी करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या माणसाने तुमच्या पंख्याचा आवाज ऐकत तारीख शोधायची? असो. सल्ल्याकडे वळू.

नोट्स फोटो काढून पाठवा, पानं आडवी, अंगठा कोपऱ्यात. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे तक्त्यातले आकडे आपोआप गूढ होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी पोचते, म्हणून ते टाळा.

महत्त्वाचे मुद्दे इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर टाका. २४ तासांत जातात, परीक्षा तर तीन महिन्यांनी आहे.

वैद्यकीय किंवा नर्सिंगचा अभ्यासक्रम असेल तर एक्स-रे बेधडक शेअर करा, कोपऱ्यातल्या नाव-वय-तारखेसकट. फारच वाटलं तर फोनच्या मार्करने नावावर रेघ ओढा. तो मार्कर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचं नाव वाचता येतं. कोपरा कापून टाकण्यात काय गंमत?

सहभागाला गुण ठेवा, दर पोस्टला किमान दोन कमेंट. 'छान माहिती सर', 'अगदी सहमत' असा ज्ञानाचा पूर येईल. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्येच लिहून ठेवलंय, की ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून बोलतात आणि १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. पण तुमचा ग्रुप वेगळा. गप्प वाचणारा शिकतच नसणार, घ्या त्याला फैलावर!

पुरे झालं. सरळच सांगायचं तर आधी सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा, तिथे फक्त अ‍ॅडमिनच लिहील. चर्चेसाठी पंधरा-वीस जणांचे छोटे गट करा. हजारांच्या गर्दीत 'मला हे कळलं नाही' असं कोण लिहील? आठवड्याला एकच प्रश्न द्या, शिकणाऱ्यांच्या कामात सोमवारी सकाळी उभा राहतो तसला. लिहायला ४८ तास द्या, कारण सगळ्यांच्या पाळ्या सारख्या नसतात. उत्तर पाच ओळींचं, पुस्तक मिटून, आठवून लिहिलेलं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचलेल्यापेक्षा आठवून लिहिलेलं आठवड्यानंतर जास्त टिकलं होतं. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत मात्र वाचणारेच पुढे होते, म्हणून लगेच परीक्षा घेऊन खूश होऊ नका. झटपट उजळणी हवी तर टेलिग्रामच्या पोलमध्ये क्विझ मोड आहे. चुकलं की तिथल्या तिथे कळतं, खाली स्पष्टीकरणही लिहिता येतं.

आणि मग ती उत्तरं वाचा. स्वतः वाचा. 'तुमची तिसरी ओळ चुकली, कारण अमुक' असं नाव घेऊन लिहा. सगळ्यांना मिळून एक अंगठा म्हणजे अभिप्राय नव्हे. मुदत बदलायची असेल तर लेखी, पिन करून, दिवसाउजेडी आणि बदलायचीच तर पुढे ढकला, अलीकडे आणू नका. फी पूर्ण घेतलीय ना त्यांच्याकडून? वीस जणांच्या पाच-पाच ओळी वाचायला सवड नसेल, तर जाहिरातीतून 'वैयक्तिक मार्गदर्शन' हे दोन शब्द आजच खोडा.