कोपऱ्यावरचा तिकोना

रविवारी चहा यायच्या आतच वकिलानं बातमी फोडली. आपण बसतो त्यामागचा तिकोना पलीकडच्या बंगलेवाल्यानं मागितलाय. रीतसर अर्ज केलाय. पडीक आहे, माझ्या कुंपणाला लागून आहे, मी नीट राखीन.

तिकोना म्हणजे चिंचवडात आमचा रस्ता रुंद झाला तेव्हा उरलेली जमिनीची पाचर. जेमतेम पाऊण गुंठा. मालक महापालिका. त्यावर दोन रिक्षा, एक आपोआप उगवलेला पिंपळ, चहावाल्या मामांचा गाडा आणि कडेच्या बुटक्या भिंतीवर आम्ही.

"देऊन टाका की," बंड्या म्हणाला. बंड्या वीस वर्षं मिशिगनला गाड्यांच्या धंद्यात आहे, घर डेट्रॉईटबाहेर नोव्हायला. गणपतीला आला की आठ दिवस आम्हाला शहाणं करून जातो. "डेट्रॉईटमध्ये असा प्लॉट शेजाऱ्याला शंभर डॉलरला देतात."

"शंभर डॉलरमध्ये इथे शेजारी खुर्ची टाकू देत नाही," अण्णा म्हणाले. अण्णांची सगळी नोकरी महापालिकेच्या मालमत्ता विभागात झाली.

पण बंड्याची गोष्ट ऐकण्यासारखी होती. 1950 साली त्या शहरात साडेअठरा लाख माणसं. 2020 च्या जनगणनेत सहा लाख एकोणचाळीस हजार. घरं ओस पडली, जळाली, पाडली गेली. गल्लीत दात पडावेत तसे प्लॉट रिकामे झाले. तीन वर्षं कर थकला की जप्ती, मग लिलाव, आणि दुसऱ्या फेरीत बोली पाचशे डॉलरपासून असायची. लांबचे लोक न बघता प्लॉट उचलायचे, कर परत थकवायचे, प्लॉट परत जप्तीला. गवत कोण कापणार? शेजारी, फुकट. म्हणून 2014 पासून तिथल्या लँड बँकेनं, म्हणजे असे ओस पडलेले प्लॉट सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम केला: हद्द लागून असावी, लगतची मिळकत तुमच्या नावावर असावी, कराची थकबाकी नसावी. शंभर डॉलर भरा, प्लॉट तुमचा. दोन्हीकडचे शेजारी आले तर जो आधी येईल तो.

"आणि भाडेकरू?" बापूनं विचारलं.

"त्याला नाही मिळत."

"म्हणजे वीस वर्षं गवत भाडेकरूनं कापायचं आणि प्लॉट मालकाला." बापूचा जन्म पागडीच्या दोन खोल्यांत गेलाय, त्यामुळे हा मुद्दा पुढची दहा मिनिटं हलला नाही. बंड्यानं शिकागो काढून बघितलं. तिथे 2014 मध्येच काही वस्त्यांत एक डॉलरला प्लॉट दिले; हद्द लागायची गरज नाही, त्याच ब्लॉकमध्ये मिळकत असली की झालं. बापू म्हणाला, मिळकत लागतेच ना, मग काय फरक. वकिलाला मात्र दुसरीच अट आवडली: पाच वर्षं विकायचा नाही. "एक डॉलर विसरा. ही पाच वर्षं खरी किंमत."

"शेजाऱ्यालाच देतात म्हणतोस, पण मोठा गिऱ्हाईक आला की?" अण्णांनी खोचक विचारलं. बंड्यानं मान्य केलं. 2012 च्या डिसेंबरात डेट्रॉईटच्या नगरसभेनं पाच विरुद्ध चार मतांनी जॉन हॅन्झ या उद्योजकाला सुमारे दीड हजार प्लॉट झाडं लावायला विकले, पाच लाख डॉलरच्या थोडं वर. सरासरी काढा, प्लॉटला साडेतीनशेही पडत नाहीत. लोक चिडले होतेच.

मग अण्णांनी आपला कायदा मांडला. महापालिका अधिनियमाचं कलम 79. चालू बाजारभावापेक्षा कमी घ्यायचं नाही, म्हणजे शंभर डॉलरचा विषय तिथेच संपला. "मग करा लिलाव," बंड्या म्हणाला. आणि इथेच गंमत आहे. या पाचरीत बाहेरच्याला शौचालयसुद्धा बांधता येणार नाही. घेतलीच कुणी तर बंगल्यासमोर होर्डिंग ठोकून बंगलेवाल्याला छळायला. खासगी शेतजमिनीचा तुकडा लगतच्या खातेदारालाच विकावा, असं 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं म्हटलं ते काही उगाच नाही.

मला वाटतं, अण्णा भाव बोलत होते आणि बंड्या ओझं बोलत होता. डेट्रॉईटचा रिकामा प्लॉट शेजाऱ्याच्या गळ्यात पडलेलं काम आहे. इथे तोच पाऊण गुंठा बंगल्याच्या प्लॉटला जोडला की एफएसआय, म्हणजे बांधता येणारं क्षेत्रफळ, वाढतो, उद्या तिथे इमारत उभी राहते. मग बाजारभाव पाचरीचा धरायचा की जोडून झालेल्या प्लॉटचा? मी म्हटलं, बाग करायला द्या, एफएसआय शून्य, भिंत नाही.

अण्णा हसले. "आधी मेंदीचं कुंपण, मग तार, मग पत्रा. मग नियमित करा म्हणून अर्ज. मी तीस वर्षं हेच कागद लावले." वकिलानं लगेच जगपाल सिंग निकाल काढला: 2011, सर्वोच्च न्यायालय, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं नियमित करू नका. "तो गावाचा," अण्णा म्हणाले. "पत्रा सगळीकडे सारखाच."

मेंदी तर लागलीच आहे. मागच्या पावसाळ्यात. आम्ही पाठ टेकतो तिथून हातभर मागे.

"हरकत घ्यायची का?" बापूनं विचारलं.

वकिलानं ग्लास भिंतीवर ठेवला. "घेऊ. पण कुणाच्या नावानं? आपल्यापैकी एकाचीही हद्द तिकोन्याला लागत नाही."

मामा ग्लास गोळा करत होते. "माझं नाव लिहा," ते म्हणाले, "पण गाड्याचा पत्ता काय घालणार?"