धामण

शिमगा उरकला आणि रामनवमीच्या नाटकात मला रामाची भूमिका मिळाली. दिग्दर्शक म्हणाले, "पुठ्ठ्याचं धनुष्य चालायचं नाही. खरं लाकूड हवं!" मी मोबाइलवर आठ व्हिडिओ पाहिले. सगळे यू नावाच्या झाडाचं लाकूड घेत होते. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात यू कुठला? आपल्याकडे धामण. कुऱ्हाडीचे दांडे, कावडी हिच्याच. वाकेल, पण मोडणार नाही.

शेजारी विचारलं, "आबा, धामण कुठे मिळेल?"

"त्या गवताच्या उडवीखाली बघ. सकाळीच उंदीर घेऊन गेली."

"अहो, झाड!"

मग पोट धरून हसले आणि कुळागरावरचा, म्हणजे पोफळीच्या बागेवरचा, आमचाच डोंगर दाखवला.

पान दातेरी, देठाकडे एक बाजू मोठी, एक लहान, ही खूण मी पाठ केली होती. पण फाल्गुनात निम्म्या रानाला पानंच नसतात. एक मट्टी तेवढी ओळखली, तीही सुसरीच्या पाठीसारख्या सालीवरून. (झाड कशाला म्हणायचं याबाबत सरकारचाही गोंधळच. २०१६ साली कायदा बदलून माडाला झाडांतून काढलं, मग पुन्हा घेतलं.)

शेवटी एक देखणी फांदी दिसली. कोयता घातला, हाताला चीक लागला, त्याच हातानं घाम पुसला. तेवढ्यात खालून आबा ओरडले, "अरे, तो बिब्बा!"

आठवडाभर रामाचं तोंड रावणाच्या दहांपैकी एखाद्यासारखं होतं. सूज पाहून सीतेनं तालमीला यायचं सोडलं.

दुसऱ्या खेपेला आबाच पुढे. एका डहाळीची साल त्यांनी नखानं ओढली, ती सुंभासारखी लांबच लांब सोलत आली. "ही धामण. हिचा दोरही होतो." मनगटाएवढी फांदी काढली. सालीकडची बाजू तासायची नाही, पोटाकडचीच तासायची, एवढं व्हिडिओंतून शिकलो होतो. लाकूड सावलीत महिनोन्‌महिने सुकवायचं असतं. आमच्या हाती नऊ दिवस होते. तरी धनुष्य झालं, आणि असं झालं की वाड्यावरची पोरं हात लावून जायची.

प्रयोगाच्या रात्री मांडव भरलेला. प्रवेश सीतास्वयंवराचा. तालमीत आम्ही पपईचं देठ मोडायचो.

मी शिवधनुष्य उचललं. वाकवलं. आणखी वाकवलं. गुडघा लावला. आत ठरल्या वेळी फटाका वाजला, जनकानं कन्यादानाचं वाक्यही म्हणून टाकलं. धनुष्य अखंड. मी घामाघूम.

पहिल्या रांगेतून आबांचा आवाज आला, "मोडायची नाही रे ती, धामण आहे!"