पंगतीत गरीब कुठे बसतो?

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायाचा दाखला आहे. येशू तिथे सांगतो: मेजवानीला मित्र, भाऊ, श्रीमंत शेजारी नकोत, गरीब, लंगडे, आंधळे बोलवा, कारण त्यांना परतफेड करता येत नाही. लेखकाने हे सरसकट 'दानधर्म' या खात्यात टाकलं, ते पटलं नाही. येशू हे बोलला तो एका परुशी (ज्यूंमधला कर्मठ पंथ) पुढाऱ्याच्या घरी, शब्बाथाच्या म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तिथेच जेवायला बसून. मानाच्या जागांसाठी पाहुण्यांची चाललेली धडपड बघून तो आधी त्यांना सुनावतो, मग थेट यजमानाला. दुसऱ्याच्या घरी जेवता जेवता असं सांगायला धाडस लागतं! प्रश्न पैशाचा कमी, सोबत बसण्याचा जास्त आहे.

आपल्या गोव्यात ख्रिस्ती घरांत लग्नाआधी 'भिकाऱ्यांजेवण' घालायची रीत आहे. घरातल्या मृतांच्या स्मरणार्थ गावातल्या गरिबांना बोलावून जेवू घालतात. रीत छानच. पण नंतर हॉलवर लग्नाचं रिसेप्शन होतं, तेव्हा त्यांतले किती जण खुर्चीवर दिसतात? आम्हा हिंदूंचंही वेगळं नाही म्हणा. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापायचं आणि कोणी काय दिलं त्याची वही घरात जपायची.

एक शंका मात्र राहते. त्याच उताऱ्यात शेवटी 'नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी', म्हणजे सज्जन मेल्यावर पुन्हा उठतील तेव्हा, फेड मिळेल, असं आश्वासन आहे. म्हणजे अपेक्षा गेली, की फक्त फेडणारा बदलला? लेखकाने या 14व्या वचनाला हातच लावलेला नाही. त्यावर लिहावं.