परदेशातून: गळून पडणारं शेवटचं वाक्य

गोव्यात कोविडकाळातल्या अफवांचा विषय निघाला की वाद दोन ठरलेल्या वाटांनी जातो. लोकांना अक्कल नाही, येईल ते पुढे ढकलतात, ही एक वाट. चार जणांवर गुन्हे नोंदवले असते तर बाकीचे आपोआप गप्प बसले असते, ही दुसरी. इथे इंग्लंडमध्ये, स्विंडनसारख्या गोंयकारांनी भरलेल्या शहरातही हाच वाद रंगतो. माझ्या मते दोन्ही वाटा चुकतात. धडधडीत खोटा निरोप लवकर उघडा पडतो. घात करतो तो अर्धा खरा निरोप, आणि तो बरेचदा आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांच्या हातून गावात शिरतो.

डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचंच बघा. 16 जून 2020 ला ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डोस रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. हे शेवटचं वाक्य फॉरवर्ड होता होता गळालं. उरलं औषधाचं नाव, डोस आणि ‘लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलंय’ हा शिक्का. तापाच्या दुसऱ्याच दिवशी स्टिरॉइड घेतलं की ताप उतरतो, माणसाला बरं वाटतं, म्हणून तो शेजाऱ्यालाही सांगतो. आत मात्र विषाणू वाढत असताना प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि रक्तातली साखर चढत असते. मे 2021 मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांना सुरुवातीलाच स्टिरॉइड घेऊ नका असं जाहीरपणे सांगावं लागलं. काळ्या बुरशीच्या साथीत अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टिरॉइडचा अतिवापर हेही मोठं कारण होतं.

गुन्हे नोंदवा म्हणणाऱ्यांनी 10 मे 2021 आठवावा. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, ऑक्सिजनची ओढाताण चालू होती. त्या दिवशी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच 18 वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देण्याचं जाहीर केलं: 12 मिलिग्रॅम, 5 दिवस, लागण असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीसच हे औषध कोविडसाठी चाचण्यांपुरतंच ठेवा म्हटलं होतं. ते बनवणाऱ्या मर्क कंपनीनेही फेब्रुवारीत पुरावा नसल्याचं सांगितलं होतं. पुढे मार्च 2022 मध्ये ब्राझीलमधल्या 1,358 रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण त्याने घटत नाही, असं दिसलं. मग गुन्हा कोणावर नोंदवायचा? गोळी घेतलेला माणूस ‘आता काही होत नाही’ म्हणून निर्धास्त होतो आणि तपासणीला उशीर करतो, ही त्यातली खरी भीती.

इंग्लंड फार शहाणं होतं असं कोणी समजू नये. एप्रिल 2020 मध्ये इथे फाइव्ह-जीमुळे कोरोना होतो म्हणून मोबाइलचे टॉवर जाळले. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक्सेलच्या जुन्या फाइलची ओळींची मर्यादा संपली आणि जवळजवळ 16,000 बाधित मोजणीतून निसटले. पण ती चूक सरकारने जाहीर केली. सरकारी आकड्यांच्या पानावर नमुना घेतल्याची तारीख आणि नोंद झाल्याची तारीख वेगळी असे, शेवटच्या पाच दिवसांचे आकडे अपुरे असल्याचं लिहिलेलं असे.

गोव्याचं रोजचं बुलेटिनही माहितीला कमी नव्हतं. मडगाव, पणजी, पर्वरी, वाळपई असे आरोग्य केंद्रांनुसार सक्रिय रुग्ण त्यात असत. पण ते इंग्रजीत आणि चित्राच्या रूपात फिरायचं. व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करतं, बारीक अक्षर पुसट होतं, चित्र कापताना वरची तारीख उडते आणि आठवड्यापूर्वीचा आकडा ‘आजचा’ म्हणून फिरतो. कर्फ्यूच्या आदेशांचं तसंच: मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुने कागदही फिरत राहिले.

एप्रिल 2020 पासून पाच वा अधिक हातांतून आलेला निरोप व्हॉट्सअॅपवर एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येतो आणि त्यावर दुहेरी बाण दिसतो. पण मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा स्क्रीनशॉट काढला की बाण गायब, मोजणी शून्यावर. शिवाय हा नियम खरं-खोटं ओळखत नाही. आरोग्य खात्याचं पत्रकही खूप फिरलं की त्यालाही बाण लागतो आणि लोक त्यावरच संशय घेतात.

कापूर, ओवा आणि लवंगेच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढतो, हा निरोप एप्रिल 2021 मध्ये इतका का फिरला? रात्री दोन वाजता, घरात असलेल्या वस्तूंनी, काय करायचं ते तो सांगत होता. त्याला तोंड द्यायचं तर खरा निरोपही तसाच हवा: चित्र नको, साधा युनिकोड मजकूर, तारीख पहिल्याच ओळीत, अफवेचा उच्चारही नको. उदाहरणार्थ:

‘दिनांक अमुक ते अमुक. घरी विलगीकरणात असलेल्यांसाठी: नेलपॉलिश काढा, हात गार असतील तर चोळून गरम करा, 5 मिनिटं स्वस्थ बसा. ऑक्सिमीटरमध्ये बोट घालून आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. 94 पेक्षा कमी आला तर लगेच आरोग्य केंद्राला फोन करा.’ खाली केंद्राचा नंबर.

मराठीत, देवनागरी कोंकणीत आणि रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीतही. सोबत त्याच केंद्राच्या डॉक्टरच्या आवाजात अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत. वाड्यावर त्या आवाजाची ओळख असते. औषधाचा उल्लेख आलाच तर अट आणि डोस एकाच वाक्यात गुंफायचे, ‘ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णालाच 6 मिलिग्रॅम’ असे, म्हणजे कापणाऱ्याला अट सहज गाळता येत नाही.

आम्हा बाहेरच्यांना यात करण्यासारखं साधं काम आहे. इथला शोध किंवा एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) कागद गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी तो तिथल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला पाठवायचा. त्यांनी होकार दिला तर त्यांनाच टाकू द्यायचा, ‘लंडनहून’ हा शब्द न लावता.