अंगठा हलेपर्यंतचं गणित

लेखात टीएमएसला (डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून मेंदूला चुंबकीय ठोके देण्याचा, नैराश्यावरचा उपचार) ‘शॉक ट्रीटमेंटचा सौम्य प्रकार’ म्हटलंय, ते पटलं नाही. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम झटका (आकडी, फिट) आणतात. टीएमएसमध्ये असा झटका हा दुष्परिणाम आहे, तोही क्वचित होणारा. रुग्ण जागा असतो, कानांत बोळे घालून खुर्चीत बसतो.

खरी मेख पहिल्या दिवशी. कॉइल डोक्यावर सरकवत अंगठा हलवणारी जागा शोधतात. 10 पैकी 5 वेळा अंगठा हलेल एवढी किमान ताकद म्हणजे मोटर थ्रेशोल्ड. उपचार बहुधा त्याच्या 120 टक्क्यांवर. मग कॉइल पुढे, डाव्या कपाळामागच्या भागावर. ‘सरसकट 5 सेंटिमीटर पुढे’ हा जुना हिशेब मोठ्या डोक्यात अनेकदा चुकतो, त्यामुळे डोकं मोजून टोपीवर खुणा केलेल्या बऱ्या. रूढ क्रम असा: 10 हर्ट्‌झ (सेकंदाला 10 ठोके), 4 सेकंद चालू, 26 सेकंद बंद, एकूण 3000 ठोके, साडेसदतीस मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस, 4 ते 6 आठवडे. थीटा बर्स्ट या झटपट प्रकाराचे 600 ठोके 3 मिनिटांत उरकतात.

मध्येच औषध बदललं, जागरण झालं किंवा दारू अचानक सोडली, तर थ्रेशोल्ड सरकू शकतो. तो पुन्हा मोजायला सांगा. कॉक्लिअर इम्प्लांट असेल किंवा मेंदूत चुंबकाला ओढली जाणारी क्लिप असेल, तर मात्र हा मार्ग बंद.